हेमलताबाईंनी बाद केलेला चौथा पेला

मंडळी, निवांत बसा. आज एक प्रश्न घेऊन आलोय. मायेपोटी न्याय वाकडा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘मी कशी सरळ’ हे दाखवायच्या हौसेपायी तो वाकडा होतो का? ऐका.

नाशकात हेमलता बोरस्ते नावाच्या बाई होत्या. काम काय? वाईन चाखायची आणि कुठली चांगली ते सांगायचं. — हसू नका, मागचे काका. तुमचे कीर्तनकार बुवा घेत नाहीत! बाईसुद्धा घोट तोंडात फिरवायच्या अन् थुंकून टाकायच्या. प्रपंचात आपल्याला एवढं जमलं असतं, तर मी इथे उभा कशाला राहिलो असतो?

तर एका हॉटेलाला पांढऱ्या वाईन निवडायच्या होत्या. पाच मुलखांच्या पाच — दिंडोरी, नारायणगाव, पलूस, अकलूज आणि खाली कर्नाटकातल्या नंदीच्या टेकड्या. घ्यायच्या फक्त तीन. दिंडोरीची होती बाईंच्या धाकट्या भावाची, निवृत्तीची. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर त्याने एकट्याने बाग राखली होती, आणि ही त्याची पहिलीच वाईन. बाईंनी हॉटेलवाल्यांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, “बाटल्या कापडात गुंडाळल्यात, पेल्यांवर नुसते आकडे. तुम्हाला कळणार कसं?”

सकाळची वेळ. पहिल्या पेल्यात लिंबाचं पान चुरगळल्याचा वास. दुसऱ्यात पिकला पेरू. तिसऱ्यात उन्हात तापलेलं गवत. चौथा नाकाशी नेला — आणि मंडळी, तो हॉल राहिलाच नाही. नुसतं धुकं. द्राक्षाच्या ओळी त्या धुक्यात वितळत चाललेल्या. ओली माती. आबांच्या घोंगडीचा वास. सात वर्षांची हेमा मागे मागे चाललीय, आबा दिसत नाहीत, आवाज तेवढा येतोय — “हेमा, बोट सोडू नको.”

किती वेळ त्या तशा उभ्या होत्या, त्यांनाही कळलं नाही. भानावर आल्या अन् मनात म्हणाल्या, हा निवृत्तीचा. आतापर्यंत हाच सरस. पण लोक काय म्हणतील? भावाला वर काढलं! बाईंनी कागदावर लिहिलं — चौथा, बाद.

निवडले कोणते? पाचवा, दुसरा आणि शेवटी पहिला. बाहेर थांबलेल्या पाचही बागवाल्यांना आत बोलावलं आणि कापडं सोडली. पहिला पेला निघाला निवृत्तीचा! आणि चौथा? नंदीच्या टेकड्यांवरच्या गौरम्मांचा. सत्तरीची बाई, एवढ्या लांबून बाटली मांडीवर घेऊन आलेली. आपली बाटली उचलून पिशवीत घालू लागल्या.

निवृत्तीचा चेहरा उजळला. “ताई, आपल्या बागेचा नंबर लागला गं.”

बाई म्हणाल्या, “थांब. माझी चूक झाली. चौथा सगळ्यांत चांगला होता. तुझा समजून मी पाडला.”

“म्हणजे आता माझा जाणार.”

“हो.”

निवृत्तीने आपल्या बाटलीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, “आणि तो खरंच माझा असता, ताई? मग बोलली असतीस?”

बाईंनी चौथा पेला त्याच्यापुढे सरकवला.

निवृत्तीने चौथा पेला उचलला, वास घेतला, डोळे मिटले. कुठे गेला असेल तो, सांगा? “आबा आलेत गं इथे,” एवढंच म्हणाला. गौरम्मांच्या हातातली बाटली घेऊन त्याने ती निवडलेल्यांत ठेवली, आणि स्वतःची काखेत मारून बाहेर पडला. बाई दारापर्यंत मागे गेल्या. त्याने वळून पाहिलं नाही.

मंडळी, परकी निघाली म्हणून गौरम्मांना न्याय मिळाला. मास्तर, तुमची स्वतःची लेक तुमच्याच वर्गात होती ना? आणि सरपंच, सख्ख्या पुतण्याचा अर्ज तुम्ही सगळ्यांत खाली ठेवलात, गावाने वाहवा केली. आपण सरळ दिसलो. पण ज्याच्या जिवावर दिसलो, तो आपल्याच घरात जेवतो, झोपतो, आणि काही बोलत नाही.

आज घरी जाल, तेव्हा दार तोच उघडेल. त्याला काय सांगाल? आधी ते मनाशी ठरवा. मग टाळ उचलू.