कॉम्प्रेसरची खडखड

एसीच्या गाडीचं टेन्शन काय असतं, मला विचार. तेव्हा मी मुलुंडला एका साहेबांची गाडी चालवायचो. एकदा मी पुढे लिंबू-मिरची बांधली, तर साहेब ओरडले, "काढ ते! माझा नाही असल्यावर विश्वास."

पुढे त्यांनी गाडीला एसी बसवला. आठवड्याभरात खडखड सुरू. एसी लावला की आवाज, बंद केला की गप्प.

साहेब म्हणाले, "नवा कॉम्प्रेसर आहे. बिघडला तर तू घरी बस."

माझी जाम तंतरली यार. तशीच गाडी भांडुपला सावंत मेकॅनिककडे नेली. त्याने बॅटरीचा उजेड मारला, कॉम्प्रेसरच्या मागे हात घातला आणि लाल फडक्यात बांधलेला नारळ बाहेर काढला! कॉम्प्रेसर थरथरला की नारळ त्यावर आपटायचा.

"हो नारळ हंय कोणी बांधल्यान रे?" सावंत म्हणाला. मग देवाचं नाव घेऊन त्याने तो फोडला. आत सुकं खोबरं. आम्ही प्रसाद म्हणून खाल्लं.

पण साहेबांना सांगू कसं? मीच बांधला म्हणणार! म्हणून म्हटलं, "साहेब, नट ढिला होता. आवळला."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं, जवळ आले आणि हळूच विचारलं, "आणि नारळ?"

माझ्या दाढेत अजून खोबरं होतं.