रुचीची काकडी

नाही, पण मी काय म्हणतो, कोरोनात शाळा बंद केली ना सरकारनं? मग बंद म्हणजे बंद! कुलूप लावलं, चावी शिपायाच्या खिशात, विषय संपला... पण नाही! तिकडं बंद झाली आणि इकडं पिंप्राळ्यात आमच्या घरात उघडली, आणि मास्तर कोण, तर मी! अहो, माझं बियाण्याचं दुकान, जून महिना, पेरणीचे दिवस, दुकानासमोर चुन्याचे गोल आखलेले, एकेका गोलात एकेक शेतकरी तोंडाला उपरणं बांधून उभा, आणि मी आत गल्ल्यावर बसून काय करतोय? माझ्या पोरीच्या, रुचीच्या, कागदी फुलपाखराला पंख चिकटवतोय! टिकल्यांचे!

त्यात घरात स्मार्टफोन एक. तोही दुकानाचा. त्याच्यावरच कंपनीच्या ऑर्डरी आणि त्याच्यावरच रुचीची तिसरी 'ब'. सोमवारी काय झालं, तुम्हाला सांगतो, नऊचा पाढा गेला खताच्या कंपनीच्या साहेबाला आणि युरियाच्या गोण्यांचा फोटो गेला शाळेच्या ग्रुपवर. मी म्हटलं, आता दिपमाला मॅडम फाडून खाणार! मॅडमचं लगेच उत्तर, "छान प्रयत्न, रुची बेटा!" आणि खाली एक फूल. घ्या! आणि तो खताचा साहेब म्हणतो, "शेठ, नऊ साते त्रेसष्टच आहे ना, मग ऑर्डर कुठंय?"

तर त्या आठवड्याचा परिसर अभ्यास. मॅडमनी ऑडिओ टाकला, अगदी गोड आवाजात, "मुलांनो, या आठवड्यात आपण सगळ्यांनी एक बी पेरायचं, रोज त्याचा फोटो पाठवायचा, आणि शनिवारी सगळ्यांनी आपापलं रोप ऑनलाइन वर्गात दाखवायचं हं!" ऐकलं आणि माझी छाती अशी फुगली! अहो, बी! बियाणेवाल्याच्या पोरीला बी पेरायला सांगितलं! बाकीची पोरं काय करणार, आईच्या डब्यातले मूग कापसात घालणार. आपली रुची? पाकिटातलं, कंपनीचं, गुलाबी औषध लावलेलं काकडीचं बी! मी म्हटलं, "बेटा, शनिवारी तुझी काकडी मोबाईलच्या बाहेर येईल!" ती दुकानाच्या जिन्यावर बसली होती, आमचं घर वर आणि दुकान खाली, तिथूनच टाळ्या वाजवायला लागली.

आता इथं... इथं जरा माझी जीभ अडखळते. पाणी आहे का? असो. सांगतो.

तुम्ही दुकानदाराच्या घरी कधी जेवायला गेलात का? मिठाईवाल्याच्या घरी पेढा अख्खा मिळत नाही, तुकडाच मिळतो. कापडवाल्याची बायको कटपीसचं ब्लाऊज घालते. आमचे वडील, उत्तमचंदजी, नमस्कार करावा असा माणूस, गिऱ्हाइकाला कधी वावगी वस्तू दिली नाही, पण घरात? फुटकी बरणी, वाकडा चमचा, जुनं कॅलेंडर, सगळं वर पाठवायचे आणि म्हणायचे, "घर में चाल जासी!" घरात चालून जातं! मीही तेच दूध प्यालोय. तर मी उठलो, मागच्या गोदामात गेलो, आणि समोर नवी सीलबंद पाकिटं अशी रचून ठेवलेली असताना माझा हात कुठं गेला? फळीच्या टोकावर. तिथं गेल्या सालचं एक पाकीट पडलं होतं, तारीख उलटलेली, कोपरा उंदरानं कुरतडलेला. टाकायचंच होतं हो ते! गिऱ्हाइकाला नसतं दिलं, देवाची आण. पण पोरीच्या कपभर मातीत घालायला नवं पाकीट कोण फोडतं? म्हटलं, घरात चालून जातं.

आणि आमचं गोदाम म्हणजे वर पत्रा. जळगावचा मे महिना, वर पत्रा, आणि खाली ते बी. ते बी राहिलं असेल का जिवंत? अहो, गोदामात शिरलो तर पाच मिनिटांत मी मरायला टेकतो!

झालं, पेरलं. मंगळवारी मातीचा फोटो. बुधवारी मातीचा फोटो. ग्रुपवर बघतो तर काय, कोणाच्या मुगाला शेपटी, कोणाच्या हरभऱ्याला पान, एका पोराची मटकी तर अशी तरारलेली की तिला शाळेत पुढच्या वर्गात घालावी. आणि आमची माती! मॅडम आपल्या, "छान प्रयत्न, रुची बेटा!"

रुची आली. "पप्पा, माझं का नाही उगवत?"

समोर पाच गिऱ्हाइकं उन्हात उभी, एकाला मका, एकाला ज्वारी, फोनवर खताचा साहेब. तोंडातून काय बाहेर पडलं, तर तेच, जे वीस वर्षं गल्ल्यावर बसून बोलतोय. "बियाणं चांगलंच आहे. पाणी जास्त झालं असेल! खोल पेरलं असेल! ऊन मिळालं का नीट?" तोंडपाठ आहे हो, नऊच्या पाढ्यापेक्षा पक्कं!

आणि त्याच दिवशी, नेमक्या त्याच दिवशी, जामनेरकडचे गिरधर आबा आले. आपलं जुनं गिऱ्हाईक. केळीचा माणूस, पण घरच्यासाठी आणि पाहुण्यारावळ्यांसाठी काकडीचे दोन वाफे दरसाल लावणारच. गोलात उभं राहून म्हणाले, "शेठ, तुमची काकडी उगेच ना! अर्धा वाफा रिकामा हाये."

मी पाकिटाकडं बघितलं का? नाही. तारीख विचारली का? नाही. मान वर न करता, "आबा, पाणी जास्त झालं असेल. खोल पेरलं असेल."

आबा भला माणूस. डोकं खाजवलं. "आसीन बापा, माहीच चूक आसीन," म्हणाले आणि गेले.

आणि जिन्यावर रुची. सगळं ऐकत होती. मी म्हटलं, पोर कविता पाठ करतेय!

मग जे सुरू झालं... रूपल, म्हणजे आमची मंडळी, मला सांगायला आली, "अहो, पोरीनं औषधाचा ड्रॉपर घेतलाय, मोजून थेंब घालतेय!" थेंब हो, थेंब! पाणी जास्त व्हायला नको ना! सकाळी कप पुढच्या गॅलरीत, दुपारी मागच्या, संध्याकाळी गच्चीवर, उन्हाच्या मागं मागं पोर कप घेऊन हिंडतेय. गुरुवारी माझा रुमाल सापडेना, तो कपाला पांघरलेला. शुक्रवारी बघतो तर कपाजवळ बसून माफी मागतेय! "सॉरी हं काकडी, मी तुला खोल पुरलं." मी दारात उभा. अहो, बोलायचं ना तेव्हाच! एक वाक्य! "बेटा, बी मेलेलं होतं, मीच दिलं." तोंड उघडलं, आणि खालून हाक आली, "शेठ, मका!" आणि मी पळालो. खरं सांगतो, हाक आली म्हणून नाही पळालो. पळायचंच होतं, तेवढ्यात हाक आली.

शनिवार उजाडला. रुची दोन वेण्या घालून, शाळेचा शर्ट, खाली घरचाच परकर, मोबाईल डब्याला टेकवून बसली. मी शेजारी, पण मोबाईलमध्ये दिसणार नाही असा, भिंतीला चिकटून. आणि ग्रुपवर पोरं कमी आणि पालक जास्त! कोणाच्या मागं आई, कोणाच्या मागं काका, एकाच्या मागं तर अख्खं कुटुंब पोहे खात बसलेलं. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं! "मॅडम, आवाज येतोय का?" "योगेंद्र, बेटा, कॅमेरा छताकडं झालाय!" "ते कुकर कोणाकडं वाजतंय, म्यूट करा ना!" एकेकानं रोप दाखवलं. टाळ्या. मग मॅडम म्हणाल्या, "रुची, तुझं?"

रुचीनं कप उचलला. नुसती माती. आणि तिनं काय सांगावं? माझ्या कानात अजून घुमतंय. म्हणाली, "मॅडम, माझं नाही उगवलं. बियाणं चांगलं होतं. माझ्या पप्पांच्या दुकानातलं होतं. मीच पाणी जास्त घातलं असेल. माझीच चूक."

एवढ्या सगळ्यांसमोर! आठ वर्षांची पोर! आणि तिचा बाप हाताच्या अंतरावर भिंतीला चिकटलेला. मोबाईल समोर होता हो, माईक चालूच. ओढायचा आणि बोलायचं. माझा हात उठला, देवाशप्पथ उठला... आणि त्या हातानं मी नाक खाजवलं. मॅडम आपल्या, "छान प्रयत्न, रुची बेटा!"

आणि वर्ग संपतो न संपतो तोच फोन. पोहे खाणारं कुटुंब! "वा अखिलभाऊ, लेकीनं किती खरं सांगितलं! बियाणं तुमचंच चांगलं! काकडीची दोन पाकिटं काढून ठेवा." आता बोला! पोरीनं स्वतःच्या डोक्यावर माती घेतली आणि माझी जाहिरात झाली! मला ना, मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवला, रुचीकडं बघितलं, ती कप धुवायला निघाली होती, मान खाली.

तेव्हा मात्र नाही राहवलं. तिला धरलं, गोदामात नेलं, ते कुरतडलेलं पाकीट दाखवलं, सगळं सांगितलं. "बेटा, तुझं काही चुकलं नाही. हे बी मेलेलंच होतं. मला माहीत होतं. म्हटलं, घरात चालून जातं." मला वाटलं, रडेल, चिडेल, आईला सांगेल. तिनं पाकीट उलटसुलट बघितलं. मग वर पत्र्याकडं बघितलं. आणि एवढंच विचारलं, "पप्पा, मग गिरधर आबांचं बी पण इथंच होतं का?"

अहो, इथंच तर होतं! आबांचं पाकीट नवं होतं, सीलबंद होतं, तारखेतलं होतं. पण मे महिनाभर होतं याच पत्र्याखाली. मेलेलं होतं की आबांनीच पाणी जास्त दिलं? मला माहीत नाही! वीस वर्षांत कोणाचंच माहीत नाही, कारण मी कधी बघितलंच नाही! लाज वाटली हो. गिऱ्हाइकाची नाही, त्या पोरीच्या डोळ्यांची. ती म्हणाली, "मग त्यांना फोन करा ना. ते पण सॉरी म्हणत बसले असतील."

लावला फोन. रुची समोर, मोबाईल स्पीकरवर. म्हटलं, "आबा, अखिल बोलतोय. ते काकडीचं... आबा, तुमची चूक नसेल. माझं बियाणंच खराब असू शकतं. नवं पाकीट पाठवतो."

तिकडून आबांचा आवाज, असा दबका, घाबरलेला, "शेठ... तब्येत बरी हाये ना?"

"बरी आहे, आबा! मी काय म्हणतो, बियाणं..."

"ताप-गिप त नाही ना आला? वास येऊ राह्यला ना नाकाले?"

"आबा, ऐका तर! चूक माझी..."

"आरे बापा! शेठ, तुमी बोलू नका, पडून राहा. मंडळीले द्या फोन, लवकर द्या!"

रूपलनं फोन घेतला, हूं हूं केलं, आणि तिचा चेहरा हा असा! पदर नाकाला, एक हात माझ्या कपाळाला. "अहो, खरंच गरम लागतंय की!" लागणारच ना गरम! लाजेनं माणूस तापतो, ते काय तुमच्या थर्मामीटरला कळणार आहे? पण तिला समजावणार कसं? त्या दिवसापुरतं माझं खरं बोलून संपलं होतं... उचलली उशी आणि गेलो गपचूप मागच्या खोलीत, चौदा दिवस!