हौसाक्का आन् वाकी नदीचा चकवा

ऐका. आन् मधी कुनी उठायचं न्हाई, आदीच सांगून ठेवते.

आपल्या वाकी नदीच्या उगमाशी वरची वाडी. गावापासनं कोसभर वाट, सगळी काठाकाठानं. त्या वाडीत सुंदरा अडली. आदीची दोन लेकरं जन्मताच गेलेली. तिचा नवरा गेनू दिवेलागनीला धापा टाकत आला हौसाक्काकडं, सुईनीकडं. हौसाक्का कडाडली, "बायकूला एकलीला सोडून आलास व्हय रं? पळ म्हागारी, पानी तापत ठेव. मी आलेच!"

आन् निघाली की बया, कंदील घेऊन! करंजाखालनं गेली. म्होरं वाळुंजाची जाळी. म्होरं बघती तर पुन्हा तेच करंज! पुन्हा चालली. पुन्हा करंज! वर टिटवी वरडली आन् कंदील भप्पकन विझला. चकवा, बाबांनो, चकवा!

आता आपल्यात रीत काय? चकवा लागला की हाय तिथं बसायचं, उजाडंस्तवर हलायचं न्हाई. हौसाक्का बसलीबी. टेकली आन् लगीच उठली. "मी बसले तर तिकडं बाई मरंल," म्हनाली. "चकव्या, तुला काय करायचं ते कर!"

वहाना काढल्या, लुगडं खोचलं आन् शिरली पान्यात. माघातलं पानी, गुडघ्याच्या खाली, पन असलं गार! धार म्होरनं नडगीवर आली तर तोंड उगमाकडं, वाडीकडं. पोटरीवर आली तर चुकलं. आन् दगूड! गावापाशी वाळू, मग गोटे, मग धोंडे. डोंगराकडं जावं तसं मोठं व्हत जातं. जलमभर ह्या नदीत खेकडी धरलेली तिनं, तिला काय सांगावं?

पन चकवा कुठला गप बसतोय! काठावर दिवा दिसला. "हौसाक्का, हिकडं या, वाट हिकडनं हाय!" गेनूचाच आवाज, हुबेहूब. हौसाक्कानं मानबी वळवली न्हाई.

मग आलं वळान. वळनावर नदी भाईरचा काठ कोरती आन् आतल्या अंगाला वाळू टाकती, ठावं हाय न्हवं? त्या कोरलेल्या दरडीखाली डोह. डोहातनं लेकरू रडाय लागलं! आत्ताच जन्मल्यावानी! आई गं! हौसाक्काचा पाय वळला. कमरंएवढं पानी. छातीएवढं पानी. हात फुडं केला... आन् थबकली. रडनं थांबतच न्हाई! मधी सासच न्हाई! जित्तं लेकरू रडतं, सास घेतं, मग फुडं रडतं. एवढी लेकरं ह्या हातांनी काढलेली तिनं.

"मला शिकवतोस व्हय रं मुडद्या!" म्हनत ती वाळूच्या अंगाला फिरली आन् धोंडे चाचपत चालत सुटली.

वाडीत पोचली ती चिंब भिजून, दात वाजत. सुंदराचं लेकरू भाईर आलं. निळं. गप. हौसाक्कानं उलटं धरलं, पाठीवर चापटी दिली. एक. दोन. तिसरीला असं बोंबललं म्हनता! सुंदरा हसाय लागली आन् हौसाक्का भिंतीला टेकून रडाय लागली.

तवापासनं डोहावरची वाट बंद. पोरांनू, तिकडनं जायाचं न्हाई, दिवसाबी न्हाई! हौसाक्काबी पुन्हा गेली न्हाई. बाळतपन आलं तर डोंगरावरनं दोन कोसांचा वळसा घालायची. कुनी इचारलं तर म्हनायची, "ते लेकरू न्हवतं, मला ठावं हाय. पन रातचं पडले की वाटतं, आजून एवढासा हात लांब केला आसता तर..."