काकूनं गाईडले धरलं

काकूले घेऊन मी हिमालयात राफ्टिंगले गेलतो, ते तुमाले सांगायचंच राहिलं. माही काकू गोसीखुर्दची. काकासंग डोंग्यात बसून मासे धरण्यात तिची जिंदगी गेली. चार दिवस नदीतूनच जायचं होतं. गाईड पहिल्याच दिवशी तिले म्हणे, "माताजी, आप बस बीच में बैठिए. कुछ करना नहीं है." काकू दोन दिवस चुपचाप बसली.

तिसऱ्या दिवशी दोन उभ्या कड्यांच्या मधात मोठी लाट आली, राफ्ट उभी झाली अन् मागं बसलेला गाईडच पाण्यात गेला. त्याचं डोकं राफ्टजवळ वर आलं, तशी काकू वाकली, त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला अन् एका झटक्यात त्याले आत ओढलं.

पुढं पाणी शांत झालं. गाईड खोकलता खोकलता हसाले लागला, पण काकूनं पट्टा काही सोडला नाही.

"माताजी, अब तो छोड़ दीजिए."

"काठ लागू दे, बाबू," काकू म्हणे. "डोंग्यात टाकल्यावरही परत पाण्यात उडी मारणारे लय पाह्यले म्या."