पत्र्याच्या आतला माणूस

मंडळी, बसा. जे उन्हात उभे हायेत त्यायनं शेडच्या आत या. खुर्च्या कमी पडल्या, माणसं जास्त झाली. मले सांगतलं, विलासभाऊ, तुम्ही बोला. मी लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. मले कॅमेऱ्याच्या मागं उभं राहाची सवय. आज पहिल्यांदाच समोर उभा राह्यलो. सांभाळून घ्या.

आपला रज्जाकभाई. ट्रकचे चेपलेले पत्रे सरळ करणारा, पांढरकवड्याचा डेंटर. याच शेडमध्ये, हातात हातोडा असताना, छातीत कळ आली अन् गेला. तुम्ही त्याले डेंटर म्हणून ओळखता. मी त्याले हिरो म्हणून ओळखतो. हासू नका. नाही, हासा. त्यालेही हासू येत होतं.

आम्ही सिनेमा काढून राह्यलो होतो. आभाळातून यंत्रं उतरतात, हायवे अडवतात, अन् आपल्याच गावचा एक मेकॅनिक लोखंडी चिलखत घालून त्यायच्याशी लढते. चिलखत रज्जाकभाईनं ठोकलं, भंगारातल्या केबिनच्या पत्र्यातून. मापाले कोणी उभं राहेना, म्हणून आपल्याच अंगावर माप घेतलं. मंग ते दुसऱ्या कोणाले बसेच ना. झाला हिरो.

अन् हेल्मेटची कडी त्यानं बसवली बाहेरून! मागं, मानेखाली. जन्मभर ट्रकचं बोनट बाहेरून उघडलं, हाताले तीच सवय. आत गेलेल्याचा हात काही तिथं पोचत नाही. मी म्हटलं, "रज्जाकभाई, शेवटच्या सीनमध्ये हिरो आपल्या हातानं हेल्मेट काढते, लोकायले चेहरा दाखवते. आता कसा काढशीन?"

तो म्हणे, "गाडी कधी आपलं बोनट आपणच खोलते काय? कोणीतरी येते, खोलते. तू सीन बदल."

मी लई चिडलो. मंग घरी जाऊन विचार केला. खरं बोलते हा. सारं जग वाचवलं तरी त्या माणसाले बाहेर काढाले कोणीतरी लागतेच. मी सीन बदलला. लढाई संपते, हिरो एकटा उभा राहाते, गर्दीतून त्याची बायको येते अन् कडी उघडते. बायको म्हणून त्याची खरी बायको, शमीमभाभीच पाहिजे, असा त्याचा हट्ट. भाभी लाजत होत्या. कशाबशा हो म्हटल्या.

तेवढाच सीन राह्यला होता मंडळी. तेवढाच.

आता लोकं मले सांगून राह्यले, दुसरं चिलखत बनवा, दुसऱ्याले घाला, आत कोण हाय कोणाले दिसते? बरोबर हाय. नाही दिसत. काल भाभीनं तेच विचारलं. "विलासभाऊ, एवढ्या सिनेम्यात ह्यायचा चेहरा कुठी हाय?" पुऱ्या सिनेम्यात एकाही जागी नाही. माह्या मित्रानं घाम गाळला, अन् पाह्यणाऱ्याले तो दिसणारच नाही. लई वाईट वाटलं मले.

मंग आवाज ऐकाले बसलो. माइक हेल्मेटच्या आत होता. तो आवाज काढून नागपूरच्या कोणाचा भारी आवाज टाकाचा, असं माहं ठरलं होतं. ऐकलं, तं आत रज्जाकभाई बोलून राह्यला. "या अल्ला, काय गरम होते!" समोर राक्षसी यंत्र, ऐन लढाई, अन् हा रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवाल्यावर ओरडते, "ओ भाऊ, मागचा लाईट बंद हाय तुहा!" आजवर मले वाटे, तो आत ॲक्टिंग करून राह्यला.

भाभीच्या कानाले हेडफोन लावला. त्यायनं तेच पुन्हा लावाले सांगतलं. मंग म्हणे, "हे काढू नका."

नाही काढणार भाभी. त्या चिलखतात दुसरा माणूस जाणार नाही, अन् त्या तोंडी दुसरा आवाजही येणार नाही.

आता सारे उभे राहा. मोबाइल बंद करा. अशा वेळी दोन मिनिटं शांत राहातात, आपणही राहू. भाभीले विचारूनच मी एक आवाज लावून राह्यलो. लढाई संपल्यावरचा हाय. त्याले दम लागला हाय, नुसता श्वास ऐकू येते. मंग थोडा हासते.

रज्जाकभाई, माहं झालं. आता तू बोल.