पूलकर्त्यांचे वंशज

बाई : शिक्का मिळणार नाही.

मामा : मिळणार नाही म्हणजे? अहो बाई, ज्यांनी या गावाचा पूल बांधला त्या पूलकर्त्यांच्या घराण्यातला माणूस तुमच्या दारात उभा आहे.

बाई : मग बसा ना. खुर्ची आहे. त्या पेटीवर नका बसू, तिच्यात सत्तर वर्षांच्या मृत्युनोंदी आहेत.

भाची : मामा, इकडे या. हात द्या. डोळ्यांत थेंब घातलेत, तुम्हाला दिसत नाहीय.

मामा : दिसतंय मला सगळं. ऑपरेशन होऊन आठवडा झाला. फक्त अक्षरं तेवढी लागत नाहीत.

बाई : या खोलीत अक्षरांशिवाय दुसरं काही नाही, साहेब.

मामा : म्हणून तर हिला आणलंय. ही माझी भाची. एका... सेवा उद्योगात आहे.

भाची : लाँड्री आहे आमची. आईची आणि माझी. चौकातून डावीकडे वळलं की तिसरं दुकान. पूलवाल्या साहेबांच्या पुतळ्याची पाठ दिसते तिथून.

मामा : ते राहू दे. बाई, मुद्दा असा. रविवारी आमच्या कुलवृत्तांताचं प्रकाशन आहे. अकरा वर्षं खपलोय मी त्याच्यासाठी. एकशेचाळीस नातेवाईक येणार आहेत, त्यातले साठ मला ओळखतही नाहीत. पहिल्या पानावर आमच्या पणजोबांच्या जन्मनोंदीची नक्कल छापायचीय, तुमच्या कचेरीच्या शिक्क्यासकट. छापखाना पाचला बंद होतो. आता चार वाजलेत.

भाची : आणि आईचंही एक काम आहे. निघताना म्हणाली, पुस्तकात माझं नाव नीट छापलंय का, तेवढं बघून ये.

मामा : बघू गं ते सावकाश. बाई, शिक्का.

बाई : शिक्का मारायच्या आधी मूळ वही ताडून बघावी लागते. मी बघितली. जुळत नाही.

मामा : मूळ वही मी स्वतः बघितलीय. लाल कापडी बांधणीची. 'बापाचे नाव' या रकान्यात स्वच्छ लिहिलंय, पूलवाले साहेब. काय वळणदार अक्षर होतं! मी तिथल्या तिथे उभा राहून नमस्कार केला.

बाई : लाल वहीला?

मामा : पूलकर्त्यांना.

बाई : लाल ती पक्की वही. म्हणजे नक्कल. मूळ वही ही, कच्ची. हात लावू नका, पानं मी उलटते. ताई, तुम्ही वाचा मोठ्याने. तुमच्या मामांना माझ्या तोंडून खरं वाटायचं नाही.

भाची : तारीख... बाळ, मुलगा... आई, हिच्यापुढे लिहिलंय 'कपडे धुणारी'. मग 'घर कोणाचे', त्याखाली पूलवाले साहेब. शेवटी शेरा. 'बाप याच बंगल्यात इस्त्रीला.'

मामा : पुन्हा वाच.

भाची : 'बाप याच बंगल्यात इस्त्रीला.'

मामा : हे दुसऱ्या कोणाचं असेल.

बाई : तारीख तीच, बाळ तेच, आई तीच. त्या काळी सुईण येऊन तोंडी सांगायची आणि कारकून लिहून घ्यायचा. बाळ कोणत्या घरात जन्मलं ते तिला पक्कं माहीत असायचं, म्हणून 'घर कोणाचे' हा रकाना. पुढे वीस वर्षांनी वरून नव्या छापील वह्या आल्या. त्यांत तो रकानाच नव्हता. शेराही नव्हता. 'बापाचे नाव' मात्र होतं.

मामा : मग?

बाई : मग काय. कारकुनाला जुनं सगळं नव्यात उतरवून द्यायचं होतं. रकाना रिकामा सोडला की वरचे ओरडायचे. त्याने घरमालक उचलला आणि बापाच्या जागी बसवला.

भाची : म्हणजे भाडेकरूंची मुलंसुद्धा घरमालकाच्या नावावर?

बाई : या पेठेत एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या नावावर एकोणीस मुलं आहेत. बापाच्या रकान्यात.

मामा : हसताय काय दोघी! अहो, या नोंदीवर माझं अख्खं पुस्तक उभं आहे. चुलतभावाने घराचं नाव 'पूलकर्ते सदन' ठेवलंय. त्याचा मुलगा तीनदा नापास झाला तरी आम्ही त्याला इंजिनिअरिंग सोडू दिलं नाही. रक्तातच आहे म्हणून.

भाची : आणि तुम्ही दर वर्षी शिडी लावून पुतळ्याला हार घालता.

मामा : तो मान आमच्या घराण्याचा आहे! मी लढून मिळवलाय तो. बाई, एक बोलू का? जरा नाजूक आहे. अगं, तू बाहेर जाऊन चहा घेऊन ये.

भाची : मला तुम्हीच वाचायला आणलंय. बोला.

मामा : हे बघा. साहेब एकटे राहायचे. बंगला मोठा. घरात तरुण बाई कामाला. मी कोणावर आरोप करत नाही. पण मोठ्या माणसांच्या बाबतीत इतिहासात असं पुष्कळदा झालेलं आहे.

भाची : मामा!

मामा : शक्यता म्हणून बोलतोय. संशोधकाने मन मोकळं ठेवावं.

भाची : म्हणजे खापरपणजीची अब्रू गेली तरी चालेल? इस्त्रीवाल्याचा रीतसर मुलगा नको, साहेबाचा चोरून झालेला हवा?

मामा : शब्द जपून वापर. आपण 'निकटचा स्नेह' असं लिहू.

बाई : लिहा की. फक्त लाल वहीत त्याच बंगल्यात, त्याच साहेबांच्या नावावर सहा वर्षांत अकरा मुलं आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. आया पाच. दोन मुलं तर एकाच आठवड्यातली, एक माळणीचं आणि एक स्वयंपाकिणीचं.

मामा : कर्तबगार माणूस होता तो.

बाई : शेवटची दोन साहेब वारल्यावर दोन वर्षांनी जन्मली.

मामा : दोन वर्षांनी?

बाई : साहेबांनी लग्न केलं नव्हतं. बंगला बहिणीच्या मुलाला गेला, तो इकडे कधी आलाच नाही. नोकरमाणसं तिथेच राहिली आणि घरावरचं नाव बदललं नाही, म्हणून नोंदी साहेबांच्याच नावावर होत राहिल्या. तुमचे पणजोबा त्या शेवटच्या दोघांतले.

भाची : पण मामा, वारल्याचं साल पुतळ्याखाली कोरलेलं आहे. तुम्ही दर वर्षी तिथेच उभे असता.

मामा : वाचलंय मी ते साल.

भाची : मग?

मामा : मला वाटलं, कोरणाऱ्याची चूक. साल बदलून द्या म्हणून मी तीन अर्ज केलेत. तिसऱ्याला पोचही आलीय.

बाई : ते अर्ज तुमचे होय! आमच्याकडेच फिरत फिरत आलेत. बघा साहेब, वाईट वाटून घेऊ नका. इथे येणारा प्रत्येक जण कोणीतरी थोर शोधायला येतो. सेनापती, दिवाण, कवी. स्वयंपाक्याला शोधायला आजवर एकही माणूस आला नाही. मग एवढ्या स्वयंपाक्यांची नातवंडं गेली कुठे? सगळी माझ्यासमोरच्या या खुर्चीत बसून जातात.

मामा : प्रमुख पाहुणे पुलांवर बोलणार आहेत हो. एक तास.

बाई : बोलू दे. पुलांवर कोणीही बोलू शकतं. तुम्ही पुस्तकाचं कच्चं मुद्रित आणलंय ना? पणजोबांच्या खालची फांदी दाखवा. दुरुस्ती कुठे कुठे लागेल ते लिहून देते.

मामा : पिशवीत आहे. अगं, तिसरं पान काढ. फक्त तिसरं.

भाची : आपण सगळे चौथ्यावर आहोत ना?

मामा : चौथ्याची शाई पसरलीय.

भाची : नाही हो, छान छापलंय. कागदही चांगला आहे. हे बघा, आजोबा, त्यांची नोकरी... 'यांना दोन अपत्ये. कन्या, अल्पवयात निवर्तली. पुत्र, प्रस्तुत ग्रंथाचे संपादक.'

मामा : थेंबांची वेळ झाली वाटतं.

भाची : कन्या कोण, मामा?

मामा : अगं, ते समितीने ठरवलंय. नियम चौथा. घराण्याच्या लौकिकाला शोभेल असा ज्यांचा व्यवसाय—

भाची : समितीत कोण आहे?

मामा : मी. आणि चुलतभाऊ.

भाची : तो बैठकीला येतो?

मामा : नाही.

भाची : नुसतं गाळायचं होतं. मारायचं कशाला?

मामा : तुझ्या आजोबांच्या नावावर इथल्या जन्मनोंदींत दोन मुलं दिसतात. एक गाळलं की हिशेब लागत नव्हता. कोणीतरी विचारलं असतं.

बाई : जिवंत माणसाची मृत्युनोंद करायची तर आमच्याकडे अर्ज लागतो, साहेब. स्वतः त्या माणसाने हजर राहायचं असतं.

भाची : आई आज सकाळी तुमचा शर्ट घेऊन बसली होती. रविवारचा. कॉलर दोनदा केली तिने. म्हणाली, फोटोत येईल, एक घडी दिसता कामा नये. मी म्हटलं, दुकानातल्या माणसाला दे की. तर म्हणे, माझ्या भावाचं काम आहे, मी करणार. आणि तुम्ही तिला लहानपणीच मारून बसलात.

मामा : ती पुस्तक वाचते कधी?

भाची : हे वाचेल. रविवारी पहिल्या रांगेत बसेल, चष्मा पुसेल आणि आधी स्वतःचं नाव शोधेल. मला त्या पूलवाल्याशी काही देणंघेणं नाही, मामा. तुमचा पणजोबा कोणीही असो. पण ती ओळ वाचून ती मला विचारेल, काय गं, मी आहे ना? मी काय सांगू? मला इतका राग आलाय की हे पान फाडून टाकावंसं वाटतंय. आणि रडूही येतंय, त्याचा तर जास्तच राग येतोय.

बाई : रडा, पण वहीपासून लांब. शाई जुनी आहे. हा रुमाल घ्या.

मामा : बाबा अंथरुणाला खिळले ना, तेव्हा तिने जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडलं. ती नववीत होती आणि मी चौथीत. मी त्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचो. वरून वाफ यायची. थंडीत फार ऊब लागायची तिथे.

भाची : हे मला कोणी सांगितलं नाही.

मामा : मी कोणालाच सांगितलं नाही. पुढे नोकरी लागली. कचेरीत विचारायचे, बहीण काय करते? पहिल्यांदा म्हणालो, दूर असते. मग म्हणालो, आजारी असते.

भाची : मग आजार बळावला.

मामा : हो. तसंच.

बाई : साहेब, एक विचारू? तुम्ही शिडीवर चढता, म्हणजे पुतळा जवळून बघितला असेल. त्याच्या शर्टाची कॉलर कशी आहे?

मामा : कडक. एकदम ताठ. शिल्पकाराने बंगल्यात मिळालेले त्यांचे कपडे समोर ठेवूनच घडवला म्हणतात.

बाई : ते कपडे कोणी इस्त्री केले असतील?

भाची : अरे! म्हणजे त्या पुतळ्यावर आपल्या घराण्याचं काय आहे, तर कॉलर!

मामा : चेष्टा करू नकोस.

भाची : चेष्टा नाही करत. मी रोज तीस कॉलरी करते. ताठ कॉलर करायला हात लागतो, मामा. पाणी किती शिंपायचं, कड आधी की मधला भाग आधी... आईने मला दोन वर्षं कॉलरीला हात लावू दिला नव्हता. तिला आजोबांनी शिकवलं.

मामा : बाबांनी? बाबा तर गोदामात कारकून होते.

भाची : आठवडाभर कारकून. रविवारी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे कपडे इस्त्री करायचे, तुम्ही तेव्हा लहान होता. आई सांगते, त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवलं. तुम्ही अकरा वर्षं वह्या चाळल्यात. आमच्या दुकानात येऊन एकदा आईला विचारलं असतंत, तर तिने दहा मिनिटांत सांगितलं असतं.

मामा : माझा फोन वाजतोय. कोणाचा आहे बघ.

भाची : छापखाना.

मामा : दे. बाई, कच्च्या वहीवरून नक्कल दिली, तर शिक्का मिळेल?

बाई : आत्ता मिळेल. शेऱ्यासकट घ्यावी लागेल.

मामा : शेऱ्यासकट द्या.

(मामा फोन कानाला लावतात.)

मामा : हॅलो. हो, मीच बोलतोय. नाही, चालू करू नका मशीन. पहिल्या पानाची नक्कल बदलायचीय, भाची आणून देतेय अर्ध्या तासात. पुतळ्याचा फोटो? राहू दे. फोटो चांगला आहे, कॉलर नीट दिसू द्या त्यात. हं, आता चौथं पान काढा. आठवी ओळ. 'अल्पवयात निवर्तली.' ते काढा. अहो, पूर्ण काढा. तिथे लिहा, हयात. ह, या, त. हो, हयात आहे, सकाळीच माझा शर्ट केलाय तिने. नाव सांगते भाची, तिच्याकडून नीट उतरवून घ्या, एक अक्षर चुकता कामा नये. पुढे स्वल्पविराम. व्यवसाय, इस्त्री. बरं, वाचून दाखवा. नाही नाही, थांबा. असं उघडं नको वाटतं. 'इस्त्री'च्या आधी एक शब्द घाला. वडिलोपार्जित.