भिंतीतल्या बाईचा पाय

(विमानतळ. प्रवासी बाहेर पडतात त्या दालनात एक मोठं मातीचं भित्तिशिल्प. त्याच्या पायाशी दोन जावा फरशीवर बसल्या आहेत.)

धाकटी : या वेळी अंगठाच गेलाय. पार मुळापासून.

थोरली : ट्रॉली लागली असणार. लोक तरी काय करतील, सामान बघतील की भिंतीतल्या बाईचा पाय?

धाकटी : तुम्ही त्यांचीच बाजू घ्या. तो लगदा सरकवा इकडे.

थोरली : तूच घे गं. माझ्या हातून सांडेल. आणि अंगठा जरा जाड कर, अनवाणी चालत आलेली बाई आहे ती.

धाकटी : माहितीये. झोपेतसुद्धा करीन आता. मघाशी मॅनेजर भेटले होते. परत काचेचं विचारत होते. तुम्ही हो म्हणालात तर लगेच लावतो म्हणाले.

थोरली : काचेआड ठेवायला ती काय दागिना आहे? पोरं हात लावतात तिला. प्रवासाने दमलेल्या बायका घटकाभर टेकतात. म्हणून तर इतकी खाली बसवली मी तिला.

धाकटी : आणि मी कुठे टेकू, जाऊबाई?

थोरली : म्हणजे?

धाकटी : तुमचे हात थरथरायला लागले तेव्हापासून मी या पायाची डागडुजी करतेय. माझी भट्टी थंड पडलीये. नव्या इस्पितळाची आख्खी भिंत मला देतायत, त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. लोक विचारतात, हल्ली काय करतेस? काय सांगू, जावेचा पाय सांभाळते?

थोरली : कधी बोलली नाहीस.

धाकटी : कुठल्या तोंडाने बोलणार? माती मळायला तुम्हीच शिकवलंत. सासूबाई बोलायच्या तेव्हा मध्ये तुम्हीच पडायचात.

थोरली : ते इस्पितळवाले थांबलेत का अजून?

धाकटी : थांबलेत. पण किती थांबतील?

थोरली : मग सांग मॅनेजरला. लावा म्हणावं काच.

धाकटी : रागावून म्हणताय.

थोरली : राग कसला. पोरांचं, बायकांचं म्हटलं ते खरंच आहे. पण मी अडून बसले होते ते त्याच्यासाठी नाही. तुम्ही वेगळे राहायला गेलात. दिवसभर घरात बोलायला माणूस नाही. हिला काही लागलं की तू मला घ्यायला येतेस, दोघी इथे बसतो. खरं सांगते, मोडलंय असा निरोप आला की मला बरं वाटतं.

धाकटी : कमाल आहे तुमची. नुसतं ये म्हणाला असतात तर?

थोरली : तुझ्यामागे घर, पोरं, संसार. कशी म्हणू?

धाकटी : येत जाईन मी. पण भिंतीचं काम सुरू झालं की दर आठवड्याला नाही जमायचं.

थोरली : दर आठवड्याला कोण म्हणतंय.